बरा म्हणजे नेमका कसा

काकी, काल तुमच्याकडे आले होते. काकांनी बोलावलं म्हणून. तुझं दिवसकार्य झाल्यापासून मी कुंपणाच्या त्या बाजूला पाय ठेवला नव्हता. आई दोनदा म्हणाली, जाऊन ये, ते एकटे आहेत. मी दोन्ही वेळा काम आहे असं सांगितलं. काम होतंच, पण ते नेहमीच असतं.

सगळा गाव तुला बाई म्हणायचा. मसुऱ्याच्या शाळेत तू इतकी वर्षं शिकवलंस की मालवणच्या बाजारात तुझ्याबरोबर चालणं म्हणजे एक मिरवणूकच असायची. भाजीवाला, बँकेतला शिपाई, एसटीचा कंडक्टर, कोणीही मोठा बाप्या तुला बघून एकदम सरळ उभा राहायचा आणि हातातली विडी मागे लपवायचा. मी इंग्लिश मिडियमची, त्यामुळे तुझ्या हाताखाली कधी आले नाही. म्हणून तू माझी काकी, आणि मी तुझी ‘मिडियम’. “काय गो मिडियम, जेवलंस?” असं तू कुंपणापलीकडून विचारायचीस. दुसऱ्या कोणी हाक मारली असती तर मला लागलं असतं. तुझ्या तोंडून ते नाव ऐकलं की मला उलट बरं वाटायचं, कारण त्यात माझ्याकडून कसलीच अपेक्षा नसायची.

पुण्याहून शिकून परत आले तेव्हा मी फारशी कोणाशी बोलत नव्हते. आई लोकांना कारणं सांगायची. तू कारण विचारलं नाहीस. अंगणात, खळ्यातल्या बाकावर येऊन बसलीस आणि समोरच्या जास्वंदीवर एक माशी पाय चोळत होती तिच्याकडे बोट दाखवून म्हणालीस, हिचं काय चाललं असेल? आपण दोघी कितीतरी वेळ त्या माशीकडे बघत बसलो. पुण्यातल्या वर्षांत माझ्याशेजारी इतकं शांत कोणी बसलं नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं अशा गोष्टींत ही एक, पण सगळ्यात जड ही नाही.

त्याच सुमारास तुझ्या मुलाने बंगळुरूहून त्याचा जुना फोन आणि त्याच्यावर चिमट्याने लावायचं एक भिंग पाठवलं. तू त्याला भिंगच म्हणायचीस. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुझ्या हातांना काही काम उरलं नव्हतं. त्या भिंगाने तू आधी मिठाचा खडा बघितलास, मग काकांच्या सदऱ्याचं बटण, आणि मग खळ्याबाहेर पडलीस ती परत आत आलीच नाहीस म्हटलं तरी चालेल. सड्याच्या कातळावरची नखाएवढी फुलं, कुंपणावरचे कोळी, गवतावरच्या टाचण्या, त्या चतुरासारख्या पण बारीक अंगाच्या. मी घरी बसून लग्नांच्या अल्बमचे फोटो दुरुस्त करते हे तुला ठाऊक होतं. एका रविवारी फोन माझ्या हातात देऊन तू म्हणालीस, “आयुष्यभर पोरांच्यो चुको काढलंय. आता माझ्यो कोण काढतलो?”

पद्धतही तूच घालून दिलीस. आधी बरं काय आहे ते सांगायचं, मग काय चुकलं ते, आणि मग पुढच्या वेळी काय करायचं ते. तिन्ही सांगायचं. नुसती चूक सांगून पळून जाणाऱ्या मास्तरांवर तुझा फार राग होता. नुसतं कौतुक करणाऱ्यांवर तर त्याहून जास्त. त्यांना वह्या तपासायचा कंटाळा असतो, असं तुझं म्हणणं.

काही गोष्टी मी शिकवल्या, ते खरं आहे. इतक्या जवळून फोटो काढताना तांदळाच्या दाण्याएवढीच जागा स्पष्ट येते, श्वास सोडला तरी ती जागा सरकते, म्हणून कोपर गुडघ्यावर टेकायचं. मागे पांढरं आकाश आलं तर कीटक काळा पडतो, तर थोडं खाली बसून मागे हिरवं घ्यायचं. हे सांगायला सोपं होतं, कारण ते कुठल्याही फोटोबद्दल सांगता येतं. पण तू एखादा फोटो समोर धरून, ह्याचं सांग, असं म्हणालीस की मी ‘छान आहे’ म्हणायचे. तुझ्या तीन गोष्टींपैकी पहिलीवरच मी थांबायचे, आणि तीही नीट सांगायचे नाही.

तुला ते कळत होतं. म्हणून तर तू मला पकडलंस. एकदा टाचणीचा फोटो दाखवलास, पंखांवर दव. मी बघितल्या बघितल्या ओळखलं. दव सगळ्या अंगावर सारखं धरतं, हे थेंब एकाच बाजूने उडालेले होते. मी म्हणाले, छान आलाय. तू फोन खाली ठेवलास.

“दिसला नाय तुका?”

मी फोन उचलून परत बघितल्यासारखं केलं.

“इस्त्रीच्या बाटलीतला पाणी तां. मुद्दाम मारलंय. दिसला काय नाय?”

“दिसलं.”

“मगे?”

तू हसलीस, आणि आत जाऊन घावणे घेऊन आलीस. पण ताट माझ्यापुढे ठेवताना एवढं म्हणालीस की माका ‘छान’ म्हणूक घरचे आसत, तू खरा सांग. आवाज चढवला नाहीस. वर्गात नापास झालेल्या पोराशी तू याच आवाजात बोलत असशील असं मला वाटलं.

त्यानंतर तू बाजारात सगळ्यांना सांगत सुटलीस की फोटो तू माझ्याकडून शिकतेस. “ही माझी गुरू,” असं मासळीवालीपासून वाचनालयाच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना. तुझ्यासारख्या बाईंची गुरू म्हटल्यावर लोक माझ्याकडे वर-खाली बघायचे. मी तुझ्या मागे अर्धं पाऊल राहून चालायचे. तू थट्टा करत होतीस की मान देत होतीस, मला समजायचं नाही. आज वाटतं की दोन्ही.

आता त्या फोटोकडे येते.

पाऊस ओसरला होता आणि तुमच्या खळ्यातल्या आंब्यावर हुमल्यांनी घरटं बांधायला घेतलं होतं. त्या तांबड्या मुंग्यांच्या जवळ जायला कोणी धजत नाही. तू स्टूल घेऊन झाडाखाली उभी होतीस. पानं एकमेकांना शिवण्यासाठी हुमले स्वतःची अळी तोंडात धरून आणतात, अळीच्या तोंडातून चिकट धागा येतो, आणि त्या धाग्याने पानांच्या कडा जोडतात. हे मला तुझ्याकडूनच कळलं, आणि तुला ते पुस्तकातून नाही, स्टुलावर उभं राहून कळलं होतं. त्या दुपारी तू फोटो पाठवलास.

मी कामात होते. कोणातरी नवरीच्या गालावरचे डाग पुसत होते. फोटो उघडला आणि माझा हात माऊसवरून उचलला गेला. पांढरी अळी पूर्ण स्पष्ट, जवळजवळ ओली. तिच्या तोंडातून निघालेला एक धागा, त्याच्यावर ऊन. आणि तिला धरणारी मुंगी तिच्या मागे धूसर, नुसता तांबडा आकार, डोळा कुठे आहे ते कळत नाही. काकी, कामाचे फोटो मी रोज ढिगाने बघते, माझ्या अंगावर काटा येत नाही. त्या दिवशी आला.

आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला की डोळा शार्प नाही. प्राण्याचा, कीटकाचा डोळा स्पष्ट हवा, हे मी ज्या ऑनलाइन कोर्समधून शिकले तिथे पहिल्याच धड्यात सांगितलेलं. फोटोतलं ज्याला कळतं तो पहिल्यांदा तेच बोलणार.

मी लांबलचक लिहिलं. मग पुसलं. परत लिहिलं, अर्धं इंग्रजीत. तेही पुसलं. शेवटी लिहिलं, ‘बरा आहे.’

हा शब्द मी चुकून नाही निवडला. तुझ्या वर्गात उत्तम, चांगला आणि मग बरा. बरा म्हणजे कसाबसा पास. आणि तुझ्याच घरात ‘बरो’ म्हणजे चांगला. जावई बरो मिळालो म्हणून लोक पेढे वाटतात. शाळेत ‘बरा’ शेरा मिळवून पोर घरी मार खातं, आणि त्याच घरात पावण्याबद्दल तोच शब्द कौतुकाने बोलतात, हे तूच हसत हसत सांगितलं होतंस. मला असा शब्द हवा होता ज्याच्यामागे मी उभी राहू शकेन आणि कोणालाही दिसणार नाही. तुला घरातला ऐकू आला तर तू खूश, शाळेतला ऐकू आला तर माझी चूक नाही. मला दोन्ही भाषा धड येत नाहीत असं सगळे म्हणतात. त्या दिवशी मात्र दोन्ही नीट वापरल्या.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

रविवारी तू चहा ओतता ओतता विचारलंस, “बरा म्हणजे नेमको कसो? शाळेतलो की घरातलो?”

तेव्हा सांगता आलं असतं. तू सरळ दार उघडून धरलं होतंस. मी कपाकडे बघत म्हणाले, “डोळा शार्प नाही ना.”

ते खोटं नव्हतं. डोळा नव्हताच शार्प. पण ते माझं मत नव्हतं, ती फक्त चूक होती. चूक दाखवली की मत सांगितल्यासारखं वाटतं आणि आपल्याला आपलं काही उघडं करावं लागत नाही, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

तू वाद घातलास, तुला वाद आवडायचा. डोळाच कशाला, म्हणालीस. “बाजारात मासे कापणाऱ्या बायलेच्या डोळ्यांत बघतंय काय मी? हातांकडे बघतंय.” मी म्हणाले, नियम असतो. कोणी केला, तू विचारलंस. मी कोर्सचं नाव सांगितलं. तू इतकी हसलीस की काका आतून बघायला आले. पण हसून झाल्यावर तू फोन पदराला पुसलास, विनाकारण. तो वाद आपण पुढच्या रविवारी पुरा करणार होतो. पुढच्या रविवारी वाचनालयातल्या प्रदर्शनाचं निघालं आणि तो तसाच राहिला.

प्रदर्शनात प्रत्येकाचा एकच फोटो घेणार होते. तू दोन बाजूला काढून ठेवलेस. एक हा, आणि एक टाचणीचा, खऱ्या दवाचा. टाचणी स्वच्छ होती. डोळा लख्ख, मागे हिरवं, पंख पूर्ण चौकटीत. मीच तुला हात धरून शिकवल्यासारखा फोटो. तसे फोटो रोज कितीतरी लोक काढतात. तू विचारलंस, खयचो? मी टाचणीवर बोट ठेवलं. विचार करायला वेळ घेतल्यासारखं केलं, पण ठरलेलंच होतं. डोळा न दिसणारी मुंगी तिथे लागली, तर लोक काय म्हणतील. तू एकदा मुंगीकडे बघितलंस आणि म्हणालीस, गुरू म्हणतली तां खरा.

प्रदर्शनात तू मोतिया रंगाची साडी नेसली होतीस. आपल्या फोटोपासून थोडी लांब, खांबाशी उभी होतीस, पालक सभेत पोराच्या आईने उभं राहावं तशी. लोक येत होते, छान, छान म्हणत पुढे जात होते. मी दाराजवळ होते, कोणाशी बोलायला लागू नये म्हणून. परत येताना रिक्षात तू बाहेर बघत म्हणालीस, “सगळ्यांनी छान म्हटल्यानी. थांबाक मात्र कोण थांबलो नाय.” मी म्हणाले, पुढच्या वर्षी. रिक्षाचा आवाज फार होता, तू ऐकलंस की नाही ठाऊक नाही.

पुढचे आठवडे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तू रोज सकाळी स्टूल घेऊन आंब्याखाली जायचीस. मला खिडकीतून दिसायचीस. हुमले हातावर चढायचे, तू झटकायचीस, परत फोन वर धरायचीस. कोपरापर्यंत लाल फोड आले होते. काका दुकानात जाता जाता ओरडायचे की हाडां मोडून घे आता. आणि तू मला फोटो पाठवत होतीस. प्रत्येकात मुंगीचा डोळा स्पष्ट होता. काळा, चकचकीत, नियमाप्रमाणे. अळी कुठेतरी खाली पुसट, धागा गायब. मी प्रत्येकाला अंगठा दाखवला. बोललेच नाही. कुंपण ओलांडून यायला पन्नास पावलंही लागत नाहीत, पण आले असते तर सांगावं लागलं असतं की काकी, हे सगळे चुकीच्या दिशेने चाललेत, पहिलाच खरा होता, परत जा. आणि तू विचारलं असतंस, मगे तेव्हा ‘बरा’ कित्याक?

तू गेलीस ती स्वयंपाकघरात, भाकरी थापताना, हृदयाच्या झटक्याने. स्टुलावरून पडून नाही. आईने हे सांगितलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं. काकी, तू गेल्याचं कळल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट कुठली आली तर ही, की झाडाखाली नाही ना. रडू त्याच्या नंतर आलं. या क्रमाची लाज कशी सांगू, आणि कोणाला.

लोक बसायला आले तेव्हा जो तो तुझ्याबद्दल बोलत होता. बाईंनी मला मारलं म्हणून मी सुधारलो, बाईंनी माझं अक्षर वळवलं. तुझ्या हातून चुका निघालेली सगळी माणसं तिथे कृतज्ञ होऊन बसली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात कप विसळत उभी होते. तुझ्या चुका धड सांगायची जबाबदारी तू एकट्या माझ्यावर टाकली होतीस.

तर काल. काकांनी प्रदर्शनातला टाचणीचा फोटो फ्रेम करून आणला होता, चांगल्या सागवानी पट्टीत. पुढच्या खोलीत तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी तो लावायचा होता. काकांचं हार्डवेअरचं दुकान, खिळे ठोकायला त्यांना कोणाची गरज नाही. पण सरळ आहे की वाकडा हे लांबून बघायला माणूस हवा, म्हणून मला बोलावलं. खिळा ओठांत धरून त्यांनी फ्रेम भिंतीला लावली आणि तसंच विचारलं, “सरळ आसा मां?”

सरळ होती. तेवढंच म्हणून मी घरी येऊ शकले असते.

मी म्हणाले, “काका, हा नको.”

त्यांनी खिळा ओठांतून काढला. तूच निवडलेलास ना, असं विचारलं. मी म्हणाले, मीच निवडला, तो चुकीचा निवडला. माझा आवाज मलाच विचित्र वाटत होता. मी माझ्या फोनवर हुमल्याचा फोटो शोधून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी मोठा केला, खूप वेळ बघितला. ही तोंडात काय धरून आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. अळी, धागा, पानं कशी शिवतात ते. मग डोळा दिसत नाही ही चूक सांगितली, आणि ती चूक असूनही याच्याकडे बघितल्यावर मला काय झालं ते सांगितलं. अडखळत, पण शेवटपर्यंत, मराठीत. इतकं सलग मी तुझ्यासमोरही कधी बोलले नव्हते.

काका ऐकत होते. मग म्हणाले, “ह्यां तिका कित्याक नाय सांगलंस?”

मी म्हणाले, “लोक हसतील असं वाटलं.”

“कोणाक? तिका?”

“नाही,” मी म्हणाले. “मला.”

काका रागावले असते तर सोपं गेलं असतं. माझा फोन त्यांनी हळूच, पालथा, टेबलावर ठेवला. टाचणीची फ्रेम पुन्हा उचलली आणि धूळ नसताना काचेवरून बाही फिरवली. “ह्यो फोटो तिना लोकांसमोर लायलो,” ते म्हणाले. “आता आम्ही तो बदललो तर ती चुकली असा होतला.”

तुला ते चाललं असतं, काकी. तुला तेच हवं होतं. मला ते त्यांना सांगायचं होतं, पण बायको गेलेल्या माणसाला त्याची बायको कशी होती हे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

त्यांनी फ्रेम भिंतीला लावून तिच्या कडीतून खिळा टेकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “धर गो.” मी फ्रेम खालून दोन्ही हातांनी धरली, आणि ते ठोकून होईपर्यंत हलू दिली नाही.